रक्ताची बाटली कुठे जाते?



मागच्या महिन्यात आपल्या रेडिओवर हिमोग्लोबिनचा कार्यक्रम झाला. तो संपता संपता एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "शिबिरात आमच्या दंडातून रक्त काढतात, बाटलीला चिठ्ठी चिकटवतात आणि पेटीत ठेवतात. पुढं त्या बाटलीचं काय होतं? कोण बघतं तिच्याकडे?" आम्ही तिघी सहयोगिनी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाटली जाते आणि अहवाल येतो, एवढंच आम्हाला ठाऊक. मधलं काहीच नाही. तेव्हाच ठरवलं की पुढचं भाषण या प्रश्नावर करायचं, आणि नुसती यंत्रांची नावं सांगायची नाहीत. ज्यांनी सगळं आयुष्य अशा बाटल्यांकडे बघण्यात घालवलं, त्या एका डॉक्टरबाईंची गोष्ट सांगायची. रेडिओवर वेळ कमी पडला, म्हणून इथं छापताना थोडं वाढवलं आहे.

आजारी पडल्यावर आपल्याला समोर बसलेले डॉक्टर दिसतात. ते जीभ बघतात, छातीला नळी लावतात, औषध लिहून देतात. पण काही डॉक्टर पेशंटपुढे फारसे येतच नाहीत. त्यांचं काम आतल्या खोलीत चालतं. थुंकीत टीबीचे जंतू आहेत का, जखमेतल्या पुवात कोणता जंतू आहे, तो कोणत्या औषधाने मरेल आणि कोणत्या औषधाला दाद देणार नाही, हे ते शोधून सांगतात. त्यांना सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणतात. शब्द मोठा आहे, काम मात्र नेमकं आहे: डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला ओळखायचं आणि त्याचं नाव सांगायचं. नाव कळलं की बाहेरच्या डॉक्टरला औषध कळतं.

डॉ. सुनीती सॉलोमन अशा डॉक्टर होत्या. आडनाव ऐकून परक्या वाटतील, पण माहेरच्या त्या गायतोंडे. चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. तिथं चामड्याचा व्यापार करणारं एक मराठी घराणं होतं, त्या घरातली ही मुलगी. आठ भावंडांत मुलगी ही एकटीच. लहानपणी दरवर्षी लस टोचायला आरोग्य अधिकारी घरी यायचे, ते बघून आपणही डॉक्टर व्हावं असं तिच्या मनात आलं म्हणतात. (आपल्या पोरी सुई दिसली की पळतात. कोणाला काय बघून काय सुचेल सांगता येत नाही.) मद्रास मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या. तिथल्याच डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते ख्रिस्ती होते आणि पुढे हृदयाचे सर्जन झाले. दोघं इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात राहिली, शिकली, आणि १९७३ मध्ये परत आली, कारण आपली गरज इथं जास्त आहे असं सुनीतीबाईंना वाटत होतं. परत आल्यावर त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पुढचं शिक्षण केलं आणि आपल्याच जुन्या कॉलेजात शिकवायला लागल्या. प्राध्यापक झाल्या. एवढ्यावरच थांबल्या असत्या तर आज आम्ही त्यांच्याबद्दल बोलत नसतो.

१९८१ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांना एक नवा आजार दिसला. धडधाकट तरुण माणसं साध्या साध्या जंतूंनी मरत होती, कारण त्यांच्या अंगातली लढण्याची ताकदच संपत होती. त्या आजाराला एड्स म्हणायला लागले. १९८३ मध्ये पॅरिसच्या शास्त्रज्ञांना त्यामागचा विषाणू सापडला, तोच पुढे एचआयव्ही झाला. त्या शोधात फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी ही बाई होती, तिला २००८ मध्ये नोबेल मिळालं. १९८५ पासून रक्ताची तपासणी करता येऊ लागली.

आणि आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे असं बोललं जात होतं की हा विलायती रोग आहे. तिकडची माणसं कशीही वागतात, म्हणून त्यांना होतो. आपली संस्कृती वेगळी, आपल्याकडे नवरा-बायकोचं नातं पवित्र, आपल्याकडे कुठून येणार? मुंबईतून घेतलेले शेकडो नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासले गेले होते आणि त्यांत काही निघालं नव्हतं. तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली.

सुनीतीबाईंची पटली नाही. त्यांच्याकडे डॉ. सेल्लप्पन निर्मला नावाची बत्तीस वर्षांची विद्यार्थिनी होती. लहान गावातून आलेली, पदरात लहान मुलं. तिला पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता आणि विषय सापडत नव्हता. सुनीतीबाई म्हणाल्या, मद्रासमध्ये एचआयव्ही आहे का ते शोध. निर्मलाला ते पटेना. मुंबईत निघालं नाही ते इथं कुठून निघणार? बाईंनी तरीही गळ घातली. आम्हाला या गोष्टीत इथं थांबावंसं वाटतं. "नाहीच आहे" असं सगळे म्हणत असताना "बघून तर येऊ" असं म्हणणं सोपं नसतं. आपल्याच गावात पाण्याचा नमुना तपासायला द्या म्हटलं तर किती कपाळांना आठ्या पडतात, आठवा.

पण बघायचं कुठं? मुंबईत देहविक्रय करणाऱ्या बायकांची ठरलेली वस्ती होती, मद्रासमध्ये तशी नव्हती. निर्मला सरकारी इस्पितळात गेली. तिथं गुप्तरोगावर उपचार घ्यायला काही बायका यायच्या. त्यांच्याशी ओळख काढली. त्यांनी आणखी दोघी-चौघी दाखवल्या. मग कळलं की पोलिसांनी पकडलेल्या पुष्कळ बायका सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या असतात. निर्मलाचा नवरा तिला रोज स्कूटरवरून तिथं सोडायचा, बसचे पैसे वाचावेत म्हणून. नुकता संसार मांडलेली माणसं ती. तीन महिन्यांत तिने ऐंशीहून जास्त बायकांचं रक्त गोळा केलं. हातात मोजे नाहीत, संरक्षणाचं साधन नाही.

आता त्या फोनवाल्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. बाटलीचं पुढं काय झालं?

रक्त थोडा वेळ ठेवलं की गोठतं. दह्यावर जशी निवळी सुटते तसं गोठलेल्या रक्तातून पिवळसर पाणी वेगळं होतं. त्याला सीरम म्हणतात. तपासणी बहुतेक वेळा या पाण्याची होते. ते वेगळं काढायला एक फिरतं यंत्र लागतं. सुनीतीबाईंच्या नवऱ्याने इथून तिथून उसनी साधनं आणून एक लहानशी प्रयोगशाळा उभी करून दिली. तिथं या दोघींनी सीरम वेगळं केलं. साठवायला जागा नव्हती, तेव्हा निर्मलाने त्या नळ्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दूध, कोथिंबीर आणि शेजारी एड्सच्या तपासणीचे नमुने! आज असं कोणी करू नये आणि करूही देणार नाहीत. पण तेव्हा काम असंच झालं.

मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती. वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे, तिथं होती. १९८६ च्या सुरुवातीला निर्मला आणि तिचा नवरा नमुन्यांचा डबा घेऊन रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि तिथून रिक्षाने कॉलेजात गेले. विषाणू विभागाचे प्रमुख डॉ. जेकब जॉन होते. त्यांनी दोन तरुण सहकारी मदतीला दिले.

तिथं जी तपासणी झाली तिचं नाव एलायझा. ती कशी चालते ते सांगतो, कारण साधारण याच तत्त्वावर आजही पुष्कळ तपासण्या होतात. अंगात विषाणू शिरला की शरीर त्याच्याशी लढायला खास प्रथिनं तयार करतं. त्यांना प्रतिपिंड किंवा अँटिबॉडी म्हणतात. प्रत्येक रोगाची प्रतिपिंडं वेगळी, जशी प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. आता आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणा. तसेच पण अगदी लहान खळगे असलेली प्लास्टिकची ताटली असते. प्रत्येक खळग्याच्या तळाला विषाणूचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यात आपलं सीरम घालतात. सीरममध्ये त्या विषाणूची प्रतिपिंडं असतील तर ती तळाला जाऊन चिकटतात, नसतील तर धुताना सगळं वाहून जातं. मग असं एक द्रव्य घालतात, जे फक्त चिकटलेल्या प्रतिपिंडांनाच चिकटतं. पुन्हा धुतात. शेवटी रंग आणणारं पाणी घालतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसं इथंही दोन वस्तू भेटल्या तरच रंग येतो. काही चिकटलेलं नसेल तर खळगा कोराच राहतो.

यात एक मेख आहे, ती लक्षात ठेवायची. लागण झाल्याबरोबर प्रतिपिंडं तयार होत नाहीत, त्यांना काही आठवडे लागतात. तोवर विषाणू अंगात असतो, पण तपासणीत दिसत नाही. म्हणून समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. पहिल्या वेळी "नाही" आलं की पुष्कळजणी परत जातच नाहीत, आणि तिथंच चूक होते.

वेल्लोरला सकाळी काम सुरू झालं. मध्येच वीज गेली, चहाची सुट्टी झाली. परत आल्यावर ताटली बघितली तर सहा खळगे पिवळे झाले होते. निर्मलाने ते पाहिलं. तिला वाटलंच नव्हतं असं काही निघेल. डॉ. जॉन धावत आले आणि हे नमुने आणले कुठून म्हणून विचारू लागले. खात्री होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. मग सुनीतीबाई, निर्मला आणि वेल्लोरचे दोघं पुन्हा सुधारगृहात गेले, त्या सहाजणींचं रक्त नव्याने घेतलं, आणि ते अमेरिकेला नेऊन दुसऱ्या, जास्त बारीक पद्धतीने तपासलं. तिथंही तेच निघालं.

दोनदा का तपासलं? घरात धान्य आपण आधी मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळतो, मग बारीक चाळणीने. एलायझा ही पहिली चाळणी. तिने एकही सुटू नये अशी तिची रचना असते, त्यामुळे कधी कधी नसलेलं पण सापडतं. म्हणून पक्कं करायला दुसरी चाळणी लागते. आज आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या केंद्रातही पहिल्या तपासणीत काही आढळलं तर त्याच वेळी आणखी दोन वेगळ्या किट वापरून खात्री करतात, आणि मगच निकाल सांगतात. तेव्हा खाजगी लॅबच्या एका चिठ्ठीवरून कोणी घाबरून घर सोडायचं नाही.

मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ही बातमी सांगितली. देशात एचआयव्ही सापडल्याची ती पहिली नोंद. काहींनी विश्वास ठेवला नाही, काहींना राग आला. पण त्यानंतरच देशात जागोजागी तपासणी सुरू झाली आणि १९८७ मध्ये सरकारचा एड्स नियंत्रणाचा कार्यक्रम उभा राहिला. निर्मलाने १९८७ मध्ये प्रबंध दिला आणि पुढे चेन्नईच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी केली. तिचं नाव फार वर्षं कोणाला माहीतही नव्हतं.

आता एक गोष्ट, जी कौतुकाच्या भरात वगळली जाते. सुधारगृहातल्या त्या बायकांना आपलं रक्त कशासाठी घेतलं जातंय हे सांगितलं गेलं नव्हतं. त्यांना वाटलं, नेहमीची गुप्तरोगाची तपासणी असेल. निर्मलानेच पुढे हे मोकळेपणी सांगितलं. त्या शिकलेल्या नव्हत्या, सांगून कळलं नसतं, असं तेव्हा वाटलं. आम्हाला हे वाचून थोडं टोचलं. आपल्यातल्या किती बायकांना आजवर "तुला काय कळतंय" म्हणून कागदावर अंगठा लावायला लावला आहे! ज्या बायकांना समाजाने टाकलं, पोलिसांनी कोंडलं, त्यांच्या रक्तातून सगळ्या देशाला जाग आली, आणि त्यांना मात्र कोणी विचारलं नाही. शोध मोठा आहे, तो आम्ही लहान करत नाही. पण हेही त्याच गोष्टीतलं आहे.

आणि आम्हाला सुनीतीबाईंच्या पुढच्या तीस वर्षांच्या कामात या विचारण्याचंच मोल दिसतं. १९८८ मध्ये त्यांनी कॉलेजात एचआयव्हीसाठी वेगळा गट उभा केला. १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचं केंद्र काढलं. त्याला वडिलांचं नाव दिलं: वाय. आर. गायतोंडे सेंटर. आज ते वायआरजी केअर म्हणून ओळखलं जातं. तिथं माणूस स्वतःहून यायचा, आधी समुपदेशक त्याच्याशी बोलायचे, तपासणी म्हणजे काय, निकाल काय येऊ शकतो हे सांगायचे, त्याने होकार दिला तरच रक्त घ्यायचे. आज आपल्या आयसीटीसी केंद्रात हेच होतं. मद्रासमध्ये ते तेव्हा नवीन होतं.

घरूनही सगळं सोपं नव्हतं. या पेशंटांसोबत बायकोने काम करावं हे व्हिक्टर यांना सुरुवातीला पसंत नव्हतं. त्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्यात तर असं म्हणणार नाही, असं सुनीतीबाई त्यांना सांगायच्या. आतल्या खोलीतली डॉक्टर अशी बाहेरच्या खोलीत येऊन बसली. नळीकडे बघता बघता नळीच्या मागच्या माणसाकडे बघायला लागली.

तिथं बसल्यावर त्यांना जे दिसलं ते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. बाहेरख्याली लोकांचा रोग म्हणून जो सांगितला जात होता, तो घेऊन केंद्रात कोण यायला लागलं? घरच्या बायका. साध्या, सरळ, एकाच घरात नांदणाऱ्या. त्यांच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी १३४ बाधित बायकांचे कागद काढून अभ्यास केला. तो २००० मध्ये छापून आला. त्यातल्या बहुतेकजणी गृहिणी होत्या, आणि बहुतेकींचा नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाशी संबंध आलेला नव्हता. पुष्कळजणींना आपल्याला लागण झाल्याचं कळलं ते नवरा आजारी पडल्यावर किंवा गेल्यावर. आपल्या पुण्यातही १९९७ मध्ये असाच एक अभ्यास छापून आला होता. म्हणजे "मी चांगली वागते, मला काय होणार" हे म्हणणं खरं नाही. विषाणू मंगळसूत्र बघत नाही.

हे आम्ही बैठकीत सांगतो तेव्हा बायका गप्प होतात. मग कोणीतरी विचारते, "मग काय नवऱ्यावर संशय घ्यायचा?" संशय घेऊ नका म्हणणं सोपं आहे. आम्ही एवढंच म्हणतो: तपासणी म्हणजे आरोप नव्हे. गरोदरपणी सगळ्यांचीच होते, मग कोणी म्हणत नाही की माझ्यावर आळ घेतला.

गरोदरपणाचं आलंच आहे तर सांगून टाकतो. आईला लागण असेल आणि काहीच औषध घेतलं नाही, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना ती होऊ शकते. वेळेवर औषध चालू झालं तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. एवढा फरक एका तपासणीने पडतो. तेव्हा उपकेंद्रातल्या ताईने दंड मागितला तर द्यायचा.

सुनीतीबाईंच्या केंद्राने आणखी एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. नऊ देशांतली १७६३ जोडपी होती, प्रत्येकात एकाला लागण झालेली आणि दुसऱ्याला नाही. भारतातून चेन्नई आणि पुणे ही दोन ठिकाणं होती. निम्म्या जोडप्यांत औषध लगेच सुरू केलं, निम्म्यांत त्या वेळच्या नियमाप्रमाणे ताकद घटल्यावर. २०११ मध्ये निकाल आला. जोडीदाराकडूनच लागण झाली असं पक्कं ठरलेले २८ जण होते. त्यांतले २७ उशिरा औषधाच्या गटातले आणि लगेच औषधाच्या गटातला फक्त एक. म्हणजे औषध नुसतं घेणाऱ्याला वाचवत नाही, त्याच्या जोडीदारालाही वाचवतं. याच समजुतीतून २०१७ पासून आपल्या देशात निदान झालं की लगेच औषध सुरू करतात. सरकारी केंद्रांत ते २००४ पासून फुकट मिळू लागलं. रोज घ्यावं लागतं, जन्मभर घ्यावं लागतं, पण घेणारी बाई शेतात राबते, पोरांची लग्नं करते, नातवंडं खेळवते.

लग्नाचं म्हणाल तर सुनीतीबाई सोयरिकीही जुळवायच्या. केंद्रात येणाऱ्या तरुण मुलामुलींना घरचे विचारायचे, लग्न कधी? खरं सांगता येईना, खोटं बोलून दुसऱ्याचं वाटोळं करवेना. मग लागण झालेल्या मुलाला लागण झालेलीच मुलगी बघायची, दोघांची तब्येत आणि औषध बघायचं, घरची माणसं बघायची. एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्थळं बघत बसायची! या कामावर 'लव्हसिक' नावाचा माहितीपटही निघाला आहे.

२०१५ मध्ये २८ जुलैला कर्करोगाने त्या गेल्या. २०१७ मध्ये सरकारने मरणोत्तर पद्मश्री दिली. मुलगाही याच रोगांवर संशोधन करतो.

आता आमच्या घरचं. आपल्या देशात २०२३ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे साधारण २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगतात, आणि सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. तेव्हा आपल्या पंचक्रोशीत कोणी नाही असं समजण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका गटातल्या बाईचा नवरा वारला. तपासणी झाली, आणि ती दवाखान्यातून घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली. कोणाच्या तोंडून फुटली ते आम्ही इथं सांगत नाही. पण पुढं जे झालं ते आमच्यासमोर झालं. बैठकीत चहा आला की सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात आणि तिला कागदी कपात. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. तिने कर्जाचा अर्ज दिला. तीन बैठका तो मागे पडला. इतिवृत्तात दर वेळी "पुढील बैठकीत विचार करू" असं लिहिलं गेलं, आणि ते लिहिणारे हात आमचेच होते. तिचे हप्ते एकदाही थकले नव्हते. चौथ्या बैठकीला ती आलीच नाही, तेव्हा आम्हाला लाज वाटली.

आम्ही तिच्या घरी गेलो. तालुक्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंना पुढच्या बैठकीला बोलावलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं: एका ताटात जेवल्याने होत नाही, शेजारी बसल्याने, हात धरल्याने, डासाने, पाण्याच्या पेल्याने होत नाही. लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून किंवा सुईतून, आणि आईकडून बाळाला, एवढ्याच वाटा. सांगून झाल्यावर त्यांनी तिच्या हातातला पेला घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. एकीने विरोध केला, तेही खरं सांगायला हवं. ती अजून त्या गटात आहे आणि अजून थोडी लांबच बसते.

त्यांनी कायद्याचंही सांगितलं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. निकाल तुमच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून, शाळेतून काढता येत नाही, आणि राहत्या घरातून बाहेर घालवता येत नाही. नवरा गेल्यावर सासरचे अंगणात पिशवी आणून ठेवतात ना, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतोय. काही विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

हे भाषण करायच्या आधी आम्ही त्या बाईकडे गेलो. तुमची गोष्ट रेडिओवर सांगू का, म्हणून विचारलं. चुलीपुढे बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगा. पण कर्ज कशासाठी घेतलं ते सांगू नका, गाव ओळखेल."

म्हणून ते सांगितलेलं नाही.